तक्त्याखालची कोरी जागा

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. वर्डमध्ये तक्ता केला की त्याच्याखाली नको असलेली रिकामी जागा राहते, ती कशी घालवायची? फौजेतून निवृत्त झालेल्या माणसाने हे कशाला सांगावं? कारण सांगतो.

माझा भाचा नोकरीसाठी नाशिकहून बंगळूरला आला आणि इथेच यशवंतपूरमध्ये भाड्याने राहिला. करार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचा. बंगळूरची अनामत रक्कम तुम्हाला ठाऊक असेलच, कित्येक महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं. कराराला घरातल्या सामानाची यादी जोडलेली होती. पंखे, दिवे, नळ असा १४ ओळींचा तक्ता. तक्ता तिसऱ्या पानाच्या मध्यावर संपला, खाली अर्धं पान कोरं राहिलं, आणि सह्या एकट्याच चौथ्या पानावर गेल्या. घर सोडताना समोरच्या प्रतीत १५ आणि १६ क्रमांकाच्या ओळी पेनाने लिहिलेल्या निघाल्या. त्या कोणी, कधी लिहिल्या, हे कोण सिद्ध करणार? अनामतीतून पैसे कापले गेले. मी कोणावर आरोप करत नाही. पण कोरी जागा म्हणजे उघडं दार, हे आम्हाला फौजेत पहिल्या वर्षी शिकवलं होतं. नावांची यादी संपली की खाली रेघ, एकूण संख्या अक्षरी आणि लगेच सही.

भाचा म्हणाला, "मामा, मी कितीदा बॅकस्पेस दाबलं, पण सही वर येईचना!" मी म्हटलं, फाईल दाखव.

पहिलं काम, न दिसणारं दिसेल असं करायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबा, किंवा 'होम'मधलं उलट्या 'पी'सारखं बटण दाबा. प्रत्येक एंटरच्या जागी तेच चिन्ह उमटेल. आमच्या फाईलमध्ये तक्त्याखाली नऊ रिकामे एंटर होते आणि त्यांच्या खाली एक 'सेक्शन ब्रेक'. कोणाचा तरी जुना करार उघडून त्यातच नवी नावं घातली होती, तिथून हा पाहुणा आला होता. शिवाय सह्यांची जागा हाही एक बिनरेघांचा दोन रकान्यांचा तक्ता होता. त्याच्या पहिल्या चौकोनात कर्सर ठेवून बॅकस्पेस कितीही दाबलं तरी बाहेरचं काही पुसलं जात नाही. बिचाऱ्याची मेहनत चुकीच्या जागी चालली होती.

आता उपाय. जादा एंटर निवडून पुसून टाका. पण एक ठेवा. दोन तक्त्यांमधला शेवटचा एंटरही पुसलात तर ते दोन्ही जोडले जाऊन एकच तक्ता होतो. आणि दस्तऐवजाच्या अगदी शेवटी तक्ता असेल, तर त्याच्याखालचा एंटर वर्ड पुसूच देत नाही. परिच्छेदाची सगळी मांडणी त्या चिन्हात साठवलेली असते आणि दस्तऐवज अशा चिन्हावरच संपावा लागतो. म्हणून तक्ता पान भरून बसला की तो एकटा एंटर पुढच्या पानावर पडतो आणि छापताना एक कोरं पान निघतं.

पुसता येत नाही, तर लहान करा. ते चिन्ह निवडून अक्षराचा आकार १ करा. मग 'पॅराग्राफ'च्या चौकटीत 'बिफोर' आणि 'आफ्टर' शून्य करा, आणि 'लाइन स्पेसिंग'मध्ये 'एक्झॅक्टली' निवडून १ पॉइंट लिहा. एका इंचात ७२ पॉइंट, म्हणजे ही उंची मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. मराठी फाँटमध्ये हे 'एक्झॅक्टली' विसरू नका. वेलांटी आणि उकार मावावेत म्हणून देवनागरीची ओळ मुळातच उंच असते. मात्र हीच युक्ती तक्त्यातल्या मजकुरावर करू नका, उकार आणि वेलांट्या कापल्या जातील.

सेक्शन ब्रेक पुसण्याआधी थांबा. एखादं पान आडवं आणि बाकीची उभी असतील, तर ती मांडणी त्या ब्रेकमध्येच असते. तो पुसला की आधीचा भाग पुढच्या भागासारखा होतो. आमची सगळी पानं उभीच होती, म्हणून बेधडक पुसला आणि सह्या तिसऱ्या पानावर आल्या.

कधी जागा तक्त्याच्या खाली नसून मधेच सुटते. एखादी ओळ उंच असेल आणि पानात मावत नसेल तर ती अख्खी पुढे जाते. 'टेबल प्रॉपर्टीज'मध्ये 'रो' या भागात ओळ दोन पानांत तुटू देण्याची खूण आहे, ती चालू करा. सगळा तक्ताच पुढच्या पानावर उडी मारत असेल, तर ओळींना 'कीप विथ नेक्स्ट' लागलेलं आहे का पाहा आणि काढा. तक्त्याभोवती मजकूर वाहत असेल, तर 'टेक्स्ट रॅपिंग' 'नन' करा.

पण हेच 'कीप विथ नेक्स्ट' आपल्या कामालाही येतं. तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी आणि खालचा छोटा एंटर निवडून त्यांना ते लावा. आता सही पुढच्या पानावर गेलीच, तर त्या दोन ओळींना सोबत घेऊन जाईल. एकटी सही कुठल्याही कागदाला जोडता येते. यादीसोबतची सही यादीचीच राहते.

शेवटी संगणकाबाहेरची शिस्त. तक्त्याखाली 'एकूण नोंदी १४, अक्षरी चौदा' असं लिहा. पानांवर 'पान ४ पैकी ३' असे क्रमांक घाला. उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारा आणि प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांची सही घ्या. पाठवायची प्रत पीडीएफ करून पाठवा आणि छापण्याआधी शेवटचं पान एकदा बघा.

भाच्याने आता दुसरं घर घेतलं आहे. या वेळचा करार तीन पानांत संपला, यादी आणि सह्या एकाच पानावर. कापलेले पैसे काही परत आले नाहीत. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा भाग. तुमच्याकडे सही व्हायची असलेली एखादी फाईल असेल तर आजच उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, ८ दाबून पाहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.