आठवड्याचा निरोप

सातवीत मी गणितात पार मागे पडलो होतो. प्रगतिपुस्तक घरी आणले. वडिलांना अक्षरओळख नाही. "काय लिव्हलंय रे?" त्यांनी विचारले. "समदं ठीक हाय, दादा," असे म्हणून मी शाईचे पॅड पुढे सरकवले. त्यांनी विश्वासाने अंगठा उठवला. शाळेचा निरोप घरी पोचला खरा. पण वाचून दाखवणारा मीच होतो!

वास्तविक १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार, पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. मात्र 'नियमित' म्हणजे किती दिवसांनी, हे कायदा सांगत नाही. माझ्या मते दर आठवड्याला. अपूर्णांक कच्चे राहिले की पुढे शेकडेवारीही अडते. सत्राअखेर कळून उपयोग काय?

निरोपात तीनच गोष्टी असाव्यात : काय शिकवले, मूल कुठे अडले, घरी काय विचारावे. निरक्षर घरी मोबाईलवरची चिठ्ठीही मुकीच. म्हणून तो बोलून द्यावा. नांदेड-लातूरकडची कितीतरी माणसे ऊसतोडीला जातात, लेकरे आजीपाशी राहतात. तेव्हा निरोप आजीलाही कळला पाहिजे. "भाकरीचे चार भाग कर, पाऊण भाकर दाखव," एवढे विचारायला तिला अक्षरे कशाला हवीत?

दादांना कोणी हे सांगितले असते, तर त्यांनी मला नक्की विचारले असते. आणि मला खोटे बोलावे लागले नसते.