डोंगरातील मुक्काम : खिडकीआधी पाया पाहावा
हिमालयात मुक्कामाची जागा ठरवताना पर्यटक खिडकीतून शिखर दिसते का, गीझर आहे का, हे आवर्जून विचारतात. इमारत कशावर उभी आहे, हे मात्र क्वचितच. उत्तराखंडमधील जोशीमठ येथे जमीन खचल्याने जानेवारी २०२३ मध्ये शेजारशेजारची दोन हॉटेले एकमेकांकडे झुकली. ती पाडावी लागली. त्याच वर्षी जुलैमध्ये हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पुरात काठावरील बांधकामे वाहून गेली. नदीकाठची खोली कितीही रमणीय असली, तरी पावसाळ्यात टाळलेलीच बरी.

हिमाचलच्या जुन्या काठकुणी घरांत लाकूड व दगडांचे थर आलटून-पालटून रचलेले असतात. ही रचना भूकंपाचे धक्के सोसते. आरक्षणापूर्वी इमारतीचे मजले, मागचा उतार आणि नाल्याचे अंतर फोनवर विचारून घ्यावे.