थंडीच्या दिवसांत एक दिवसाची पिल्ले मागविताना

शेतीस जोडधंदा म्हणून दारी चार कोंबड्या असणे ही आपल्या भागात नवी गोष्ट नव्हे. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून घरच्या घरी पिल्ले काढीत. हल्ली बहुतेक शेतकरी उबवणी केंद्राकडे मागणी नोंदवून एक दिवसाची पिल्ले पेटीतून आणवितात. छत्रपती संभाजीनगरास पडेगाव येथे पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पुण्यास खडकी येथेही तसेच एक आहे. शिवाय खाजगी केंद्रे ठिकठिकाणी आहेत. गिरिराज, वनराज, ऱ्होड आयलंड रेड अशा जातींची पिल्ले मोटारीने, रेल्वेने अगर एस.टी.च्या पार्सलाने परगावाहून येऊन पोहोचतात. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. तथापि मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत मागविलेल्या पिल्लांपैकी कित्येक पहिल्या आठवड्यातच दगावतात, आणि मग मालक केंद्रास दोष देतो, केंद्र वाहतुकीस देते व वाहतूकवाला नशिबास देतो. वस्तुतः यातील बहुतेक हानी टाळता येण्याजोगी आहे. पेटीतून पिल्ले येतात, परंतु कोंबडीची ऊब पेटीतून येत नाही; ती खरेदीदारानेच आगाऊ सिद्ध ठेवावयाची असते. हे एक तत्त्व ध्यानात धरले म्हणजे पुढील सर्व सूचना आपोआप उमगतील.

पिल्लू प्रवास कशाच्या बळावर करते?

अंडे यंत्रात ठेवल्यापासून सुमारे २१ दिवसांनी पिल्लू बाहेर येते. बाहेर येण्याच्या आधी अंड्यातील उरलेला पिवळा बलक पिल्लू आपल्या पोटात ओढून घेते. हीच त्याची शिदोरी होय. या शिदोरीवर ते दोन ते तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरू शकते. निसर्गाने ही योजना अशासाठी केली आहे की, पहिले पिल्लू निघाल्यापासून शेवटचे निघेपर्यंत कोंबडीस घरट्यावरून उठावे लागू नये. मनुष्याने तिचा उपयोग व्यापारासाठी करून घेतला. अमेरिकेत १९१८ पासून टपालखाते एक दिवसाची पिल्ले स्वीकारू लागले, आणि उबल्यापासून ७२ तासांच्या आत ती पोहोचली पाहिजेत अशी मर्यादा तेथे पाळली जाते. आपल्याकडे पिल्ले टपालाने मागविण्याची वहिवाट पडली नाही. पण पेटी एस.टी.ने येवो वा मोटारीने, पिल्लाच्या पोटातील शिदोरी तेवढीच असते.

यावरून पहिला धडा असा की, तास मोजावयाचे ते पेटी निघाल्यापासून नव्हेत, तर पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून. मागणी नोंदविताना केंद्रास स्पष्ट विचारावे की, पिल्ले यंत्रातून कोणत्या दिवशी व किती वाजता काढणार आणि किती वाजता रवाना करणार. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी केंद्र सरकारचे १९७८ चे जे नियम आहेत, त्यांत २००१ मध्ये कोंबड्यांविषयी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातही पिल्ले उबताच बांधून ताबडतोब पाठवावीत, पेटीत साठवून ठेवू नयेत, असेच सांगितले आहे. म्हणून हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

शिदोरी म्हणजे पांघरूण नव्हे

पोटातील बलक भूक भागवितो, थंडी वारीत नाही. पहिले दहा-बारा दिवस पिल्लाच्या अंगी स्वतःची उष्णता राखण्याची शक्ती पुरतेपणी आलेली नसते. अंगावर पिसे नसून नुसती लव असते, आणि ती ओली झाली की तिचा काही उपयोग राहत नाही. अशा पिल्लास गारठा लागला म्हणजे ते चारापाण्याकडे जात नाही, पोटातील बलक नीट जिरत नाही व विष्ठा गुदद्वाराशी चिकटून मार्ग बंद होतो. ऊब शोधण्यासाठी सर्व पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात व खालची गुदमरून मरतात. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. गारठलेले पिल्लू पुष्कळदा पेटीत मरत नाही. ते जिवंत उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकते. त्यामुळे मूळ कारण मालकाच्या ध्यानात येत नाही व तो रोग समजून औषधांवर पैसे खर्च करितो.

आपल्याकडील थंडी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट आली की आपल्या जिल्ह्यात पारा एकाएकी खाली जातो. छत्रपती संभाजीनगर येथे फेब्रुवारी १९११ मध्ये २ अंश सेल्सिअसपर्यंत उष्णमान उतरल्याची नोंद आहे. इतकी थंडी वरचेवर पडत नाही हे खरे. परंतु पहिल्या आठवड्यातील पिल्लास लागते ३५ अंशांची ऊब, म्हणजे रात्रीचा पारा १० अंशांवर असला तरी २५ अंशांची तूट आपणांस भरून काढावयाची असते. कन्नड, खुलताबादकडील उंचवट्याच्या गावांत व नदीकाठच्या मळ्यांत गारठा शहराहून अधिक जाणवतो, हे तेथील शेतकऱ्यांस सांगावयास नकोच.

दिवसाच्या चोवीस तासांत सर्वांत थंड वेळ मध्यरात्रीची नसून सूर्योदयाच्या अगोदरची असते. पुण्याहून रात्री निघालेली गाडी सुमारे पाच-सहा तासांत येथे पोहोचते. म्हणजे पेटी उतरण्याची व थांब्यावर पडून राहण्याची वेळ नेमकी तीच. यास्तव थंडीत पेटी पहाटे निघून दुपारच्या आत पोहोचेल अशी व्यवस्था करावी. ते शक्य नसल्यास गाडी येण्यापूर्वी घरचे माणूस गोणपाट घेऊन थांब्यावर हजर असावे. थंडीची लाट आल्याचे वर्तमान हवामान खात्याकडून कळताच केंद्रास कळवून पुढील खेपेची पिल्ले मागावीत. यंत्रातील अंडी थांबत नाहीत, सबब हे कळविणे होईल तितके अगोदर व्हावे.

पेटी व संख्या

पिल्लांच्या पुठ्ठ्याच्या पेटीत बहुधा शंभर पिल्ले मावतात व तिचे पंचवीस-पंचवीसांचे चार कप्पे असतात. ही रचना सहेतुक आहे. एका कप्प्यातील पिल्ले परस्परांच्या अंगची ऊब घेऊन प्रवास करितात. कप्पे असल्यामुळे सर्वांची एका बाजूस चेंगराचेंगरी होत नाही. अमेरिकेतील कित्येक केंद्रे पंचविसांहून कमी पिल्ले पाठवीतच नाहीत, ती याच कारणास्तव. दहा-वीस पिल्ले मोठ्या पेटीत मोकळी घालून थंडीत मागविणे म्हणजे त्यांस उघड्यावर सोडण्यासारखेच होय. ज्यांस थोडीच पिल्ले हवी असतील त्यांनी शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांस मिळवून भरलेली पेटी मागवावी व घरी आल्यावर वाटून घ्यावी.

उलटपक्षी, थंडी लागेल या भीतीने पेटी घोंगडीत सर्व बाजूंनी गुंडाळणे हेही घातकच. पेटीची भोके पिल्लांच्या श्वासोच्छ्वासासाठी असतात. वाऱ्याच्या बाजूस आडोसा असावा, पण भोके मोकळी असावीत. पेटी टपावर अगर दाराशेजारी ठेवू देऊ नये व एकीवर एक पेट्या ठेवाव्या लागल्यास मध्ये हवा खेळण्यास जागा असावी.

घर आधी, पिल्ले मागाहून

आमच्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना ही की, पिल्ले येण्याच्या आदल्या दिवसापासून त्यांची जागा तापवून ठेवावी. पेटी दारात आल्यावर दिव्याची तार शोधणारा शेतकरी निम्मी पिल्ले गमावून बसतो. जमीन व भुसा गार असता वरची हवा तापली तरी पिल्लाचे पाय गारच राहतात, आणि पायांतून गारठा अंगभर जातो.

खोली स्वच्छ धुऊन, चुना देऊन, कोरडी करावी. जमिनीवर भाताचे तूस, भुईमुगाची टरफले अगर लाकडाचा भुसा दोन-तीन इंच पसरावा व पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्राचे कागद घालावेत, म्हणजे पिल्ले भुसा खाणार नाहीत. शंभर पिल्लांस चार-पाच फूट व्यासाचे व दीड फूट उंचीचे पत्र्याचे अगर जाड पुठ्ठ्याचे गोल कडे करावे. कडे गोलच हवे. चौकोनास कोपरे असतात व कोपऱ्यात पिल्ले चेंगरतात. मध्यभागी बांबूची मोठी टोपली पालथी टांगून तीत दिवे लावावेत. दर पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने शंभर पिल्लांस शंभर वॅटचे दोन दिवे लागतात. कडाक्याच्या थंडीत तिसरा जोडण्याची सोय असावी. दिवे जुन्या पद्धतीचे, तारेचे असावेत, हल्लीचे एल.ई.डी. दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, उष्णमान असावे. पुढे दर आठवड्यास सुमारे ५ अंश फॅरेनहाइट कमी करीत जावे. खिडक्यांस गोणपाटाचे पडदे लावावेत, परंतु वर वीतभर जागा मोकळी सोडावी. वीज गेल्यास कोळशाची शेगडी उपयोगी पडते. ती कड्याबाहेर, पूर्ण पेटून धूर गेल्यावरच आत आणावी आणि बंद खोलीत कदापि ठेवू नये. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांस दिसत नाही, वासही येत नाही, व पिल्लांप्रमाणेच राखणदाराचाही प्राण घेतो. त्या खोलीत कोणी निजू नये.

पेटी उघडल्यावर

पिल्ले मोजून, एकेकाची चोच पाण्यात बुडवून कड्यात सोडावीत. पाणी उकळून कोमट केलेले, किंचित गूळ घातलेले असावे. हौदातील रात्रीचे गार पाणी देऊ नये. पाण्याची भांडी उथळ असावीत, नाहीतर पिल्ले भिजतात. दोन-तीन तास पाणी पिऊ द्यावे, नंतर कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा व पुढे पिल्लांचे तयार खाद्य चालू करावे. सायंकाळी दहा-बारा पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहावी. ती भरलेली व मऊ लागली म्हणजे पिल्लांनी खाल्ले असे समजावे. त्याच वेळी पिल्लाचे पाय आपल्या गालास लावून पाहावेत. गार लागल्यास ऊब कमी आहे. ज्यांच्या गुदद्वाराशी विष्ठा चिकटली असेल त्यांस कोमट पाण्याच्या कापसाने हलके पुसून काढावे.

उष्णतामापक जवळ नसला तरी पिल्लेच सर्व सांगतात. ती दिव्याखाली दाटीने जमून चिवचिवाट करितात तेव्हा ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडून धापा टाकतात तेव्हा जास्त आहे. सर्व एकाच बाजूस सरकतात तेव्हा कोठून तरी वारा येत आहे. आणि कडाभर पसरून निवांत खातात, निजतात, तेव्हा सर्व ठीक आहे. पहिल्या तीन रात्री पहाटे चारच्या सुमारास एकदा उठून हे पाहणे हीच खरी राखण होय. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पशुवैद्यांच्या सल्ल्याने टोचवून अगर डोळ्यात थेंब घालवून घ्यावी.

हिशेब

समजा, एक पिल्लू ३० रुपयांस पडले. शंभर पिल्लांचे ३,००० रुपये झाले. त्यांतील वीस मेली तर उरलेली प्रत्येकी साडेसदतीस रुपयांस पडली. एवढेच नुकसान असते तर सोसता आले असते. पण जी गारठूनही जगली त्यांची वाढ खुंटते, ती खाद्य पुरेपूर खातात व अंड्यास उशिरा येतात. दोन दिव्यांची पंधरा दिवसांची वीज त्यापुढे क्षुल्लक होय.

मग थंडीत पिल्ले मागवूच नयेत काय? आमचे मत तसे नाही. पौष-माघात आणलेली पिल्ले वैशाखातील कडक ऊन लागण्यापूर्वी पिसांनी भरून येतात व पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालू लागतात. थंडीवर दिवा हा उपाय आहे. बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या पिल्लांवर तितका सोपा उपाय नाही. मात्र ज्यांच्याकडे दिवा, आडोसा व पहाटे उठणारे माणूस या तीन गोष्टींपैकी एकही कमी असेल, त्यांनी घाई करू नये. महाशिवरात्रीस थंडी शिवशिव म्हणत जाते असे आपल्याकडे म्हणतात. तोवर थांबून फाल्गुनाच्या आरंभीची खेप घ्यावी. बाकीच्यांनी आज जागा तापवावी आणि उद्या पेटी आणावी. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.