वाक्प्रचारांची वंशावळ

शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर वाक्प्रचारांची एक यादी असते. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस अर्थ. मुले ती यादी पाठ करतात, परीक्षेत वाक्यात उपयोग करून दाखवितात आणि मोकळी होतात. इंग्रजीच्या पुस्तकातही तीच तऱ्हा. परंतु हे शब्दसमूह आले कोठून, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. माणसाप्रमाणे वाक्प्रचारालाही आईबाप असतात, गाव असते, धंदा असतो. त्याची वंशावळ शोधू लागलो म्हणजे पुष्कळदा अनपेक्षित घराचे दार उघडते.

आमच्या बऱ्हाणपुरात हा शोध विशेष उपयोगी पडतो. तापीकाठच्या या गावात एकाच गल्लीत मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती कानावर पडते. त्यातच शाळेत इंग्रजी. मग एका भाषेतला वाक्प्रचार शब्दशः दुसऱ्या भाषेत नेण्याचा मोह होतो आणि अर्थाचा अनर्थ होतो. एकच उदाहरण घ्या. इंग्रजीत एखाद्या गोष्टीपासून 'हात धुणे' म्हणजे तिची जबाबदारी टाकून देणे. येशूला मृत्युदंडासाठी सैनिकांच्या हवाली करताना रोमन सुभेदार पिलात याने लोकांसमोर पाणी घेऊन हात धुतले आणि या रक्ताविषयी आपण निर्दोष आहो असे सांगितले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगाने हा प्रयोग जगभर नेला. मराठीत मात्र 'हात धुऊन पाठीस लागणे' म्हणजे पिच्छा न सोडणे! पाणी तेच, हात तेच. पण एक जण हात धुऊन निघून जातो आणि दुसरा हात धुऊन मागे लागतो.

आता काळाविषयीचे दोन वाक्प्रचार पाहू. एखादे काम अगदी ऐन वेळी केले म्हणजे इंग्रज म्हणतो, ते 'अकराव्या तासाला' झाले. आमचे विद्यार्थी समजतात की हे रात्रीचे अकरा. वस्तुतः हाही प्रयोग मत्तयाच्याच शुभवर्तमानातील, विसाव्या अध्यायातील एका दाखल्यावरून आलेला आहे. त्या काळी पॅलेस्टाइनमध्ये सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे बारा तास मानीत. म्हणजे अकरावा तास हा संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. द्राक्षमळ्याचा धनी त्या वेळीही नाक्यावर रिकामे उभे असलेले मजूर कामावर घेतो आणि दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी त्यांना देतो. मूळ कथा आहे धन्याच्या औदार्याची. वाक्प्रचाराने औदार्य गाळले आणि उशीर तेवढा ठेवला.

आपल्याकडे याच्या जवळपासचा प्रयोग आहे 'घटका भरणे'. अखेरची वेळ येऊन ठेपली, की आपण म्हणतो, त्याची घटका भरली. घटका भरते म्हणजे काय? तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात सोडीत. छिद्रातून पाणी हळूहळू आत शिरे आणि वाटी भरली की बुडे. ती एक घटका, म्हणजे आजची चोवीस मिनिटे. अहोरात्रीच्या अशा साठ घटका. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे घटिकापात्र मांडीत. घटका भरली की धातूच्या थाळीवर टोला पडे. त्या थाळीला 'तास' म्हणत आणि तोच शब्द पुढे साठ मिनिटांच्या कालखंडाला मिळाला. आज घरोघरी घड्याळे आहेत, ती तांब्याची वाटी दृष्टीस पडत नाही. पण आयुष्याची वाटी नकळत भरते आणि एकदम बुडते, ही कल्पना त्या दोन शब्दांत शाबूत आहे.

कचेरीतूनही वाक्प्रचार जन्मास येतात. सरकारी दिरंगाईला आपण 'लाल फितीचा कारभार' म्हणतो. हा मराठीने इंग्रजीतून घेतलेला प्रयोग. इंग्लंडात कायद्याचे आणि सरकारी कागद तांबूस फितीने बांधून ठेवण्याची रीत होती. एकोणिसाव्या शतकात कार्लाइल, डिकन्स यांसारख्या लेखकांनी तिला उपहासाचा विषय केले. पण आपल्याजवळ याच्या तोडीचा शब्द आधीपासून होता. तो म्हणजे 'बासनात गुंडाळणे'. बासन म्हणजे पोथी किंवा दप्तर ज्यात बांधून ठेवतात ते फडके. मराठ्यांच्या कचेऱ्यांतील कागद अशा फडक्यांत, म्हणजेच रुमालांत, बांधलेले असत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. बासनात गेलेला कागद सुरक्षित राही हे खरे, पण तो लवकर बाहेर येत नसे, हेही खरे. लोकांनी यातील दुसरी गोष्ट लक्षात ठेवली.

कधी कधी एकच शब्द दोन भाषांत जाऊन अगदी वेगळे संसार थाटतो. 'मोगल' हा शब्द घ्या. इंग्रजीत एखाद्या धंद्यातील बड्या धनाढ्यास, चित्रपट किंवा वृत्तपत्र व्यवसायाच्या सम्राटास, 'मोगल' म्हणतात. मराठीत मात्र 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' असे आपण अंदाधुंदी पाहून विचारतो. हा फरक समजून घ्यावयाचा तर बऱ्हाणपुराहून दुसरे चांगले ठिकाण नाही. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला, फारुकी घराण्याचे राज्य संपले आणि आमचे गाव मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे बनले. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीर बादशहाकडे अजमेरला जाताना येथे थांबला आणि शहाजादा परवेझ याच्या दरबारात गेला. अशा वकिलांनी आणि व्यापाऱ्यांनी पाहिला तो मोगलांचा थाट आणि त्यांची अमर्याद संपत्ती. त्यांच्या भाषेत 'मोगल' शब्द वैभवाशी जोडला गेला. दक्षिणेतल्या रयतेने पाहिल्या त्या वर्षानुवर्षे चाललेल्या मोहिमा आणि तुडविली गेलेली पिके. तिच्या भाषेत तोच शब्द जुलमाशी जोडला गेला.

मात्र येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या काळात मराठ्यांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले. 'लूट' हा शब्दही आपल्या देशातूनच इंग्रजीत गेला आहे. तेव्हा बहादुरपुऱ्यातील एखाद्या सावकाराला वाक्प्रचार बनवावयास सांगितला असता, तर त्याने 'मोगलाई' हा शब्द खचितच निवडला नसता. वाक्प्रचार कोणाच्या तोंडून जन्मला, हे म्हणूनच पाहावे लागते.

वंशावळी खोट्याही असतात. इंग्रजीत मुसळधार पावसाला 'कुत्रीमांजरे पडणे' म्हणतात. त्याची एक कथा सांगतात, की पूर्वी इंग्लंडात कुत्रीमांजरे गवती छपरावर निजत आणि पावसात घसरून खाली पडत. या कथेला कसलाही आधार नाही. १७३८ साली जोनाथन स्विफ्टच्या संवादांत हा प्रयोग आढळतो. छपराची गोष्ट मागाहून कोणीतरी रचलेली आहे.

असाच प्रकार आपल्या 'संक्रांत येणे' किंवा 'संक्रांत कोसळणे' या प्रयोगाचा. पुष्कळ सुशिक्षित माणसेही सांगतात, की पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून संक्रांत म्हणजे संकट. ऐकावयास हे अगदी पटते. पण गणित पटू देत नाही. मकर संक्रांत ही सूर्याच्या नक्षत्रांतील स्थानावरून ठरते आणि ते नाक्षत्र वर्ष इंग्रजी कॅलेंडरच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. वीस-वीस मिनिटे साठत जाऊन सुमारे बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा; त्याची तारीख आहे १२ जानेवारी १८६३. मग त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७६१ साली, संक्रांत १४ तारखेला कशी येईल? ती तीन-चार दिवस आधीच होऊन गेलेली होती.

मग संकटाचा अर्थ आला कोठून? पंचांग उघडा. तेथे संक्रांत ही एक देवी आहे. ती दरसाल एका वाहनावर बसून येते, एका दिशेकडून येते आणि दुसरीकडे जाते, हाती काही वस्तू धरते. ज्याचा ती स्वीकार करील ते महागते, जिकडे पाहील तिकडे पीडा होते, अशी समजूत आहे. या देवीची दृष्टी पडणे, हेच 'संक्रांत येणे'. पानिपताने आपल्याला दुसरे प्रयोग दिले आहेत आणि ते खरे आहेत. संपूर्ण पराभवाला आपण 'पानिपत' म्हणतो. आणि कोणी 'विश्वास ठेवा' म्हटले, की 'विश्वास पानिपतात गेला' असे उत्तर देतो. त्यामागे नानासाहेब पेशव्यांचा त्या रणात पडलेला तरुण पुत्र विश्वासराव उभा आहे. एवढ्या मोठ्या दुःखाचा मराठी माणसाने श्लेष केला, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

आता या विषयातील सर्वांत गंभीर भागाकडे वळतो. 'अटकेपार झेंडा लावणे' हा आपला अत्यंत अभिमानाचा वाक्प्रचार. १७५८ साली रघुनाथराव पेशव्यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटक किल्ल्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे गेल्या. मोहीम कर्जाचा बोजा घेऊन परतली आणि वर्ष-दीड वर्षात अब्दालीने तो मुलूख पुन्हा घेतला, हे वाक्प्रचार सांगत नाही. आणि 'ध चा मा करणे' हा आपला अत्यंत लाजिरवाणा वाक्प्रचार. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तरुण पेशवे नारायणराव यांचा गारद्यांनी खून केला. मोडी पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करण्यात आले, अशी हकिकत परंपरेने सांगितली जाते. श्रोतेहो, या दोन्ही वाक्प्रचारांच्या मुळाशी एकच पुरुष आहे. अटकेचे रघुनाथराव तेच आणि नारायणरावांचे काकाही तेच.

परंतु पहिल्या प्रयोगात त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते, तर दुसऱ्यात अक्षर बदलल्याचा दोष त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावर ठेवला जातो. तो आनंदीबाईंनीच केला, असे निर्विवाद सिद्ध करणारा पुरावा इतिहासकारांच्या हाती नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरविले होते, हे मात्र प्रसिद्ध आहे.

येथे मला आणखी एका इंग्रजी शब्दाची आठवण होते. दुसऱ्यांचा दोष ज्याच्या माथी मारला जातो त्याला इंग्रजीत 'स्केपगोट' म्हणतात. १५३० साली बायबलच्या भाषांतरात विल्यम टिंडेल याने तो बनविला. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात दोन बोकडांचा विधी आहे. एकाचा बळी देत. दुसऱ्याच्या मस्तकावर याजक हात ठेवून सर्व लोकांची पापे त्याच्यावर लादी आणि मग त्याला जिवंतच रानात सोडून देत. आपण याचे भाषांतर 'बळीचा बकरा' असे करतो. पण तो तर मारला जाणारा बोकड! मूळचा बोकड जिवंत राहून ते ओझे वाहत हिंडत असतो. आनंदीबाईंची अवस्था या दुसऱ्या बोकडासारखी झाली आहे. अडीचशे वर्षे होऊन गेली, तरी आपण बोलता बोलता रोज नव्याने त्यांच्या मस्तकावर हात ठेवतो.

म्हणून वाक्प्रचार वापरू नयेत काय? अवश्य वापरावेत. त्यांच्यावाचून भाषा अळणी होईल. फक्त मुलांना अर्थाबरोबर तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. हा प्रयोग कोणत्या वस्तूवरून किंवा प्रसंगावरून आला? सांगितली जाणारी कथा तारखांना आणि कागदांना धरून आहे काय? आणि यात कोणावर निकाल दिला असेल, तर त्याची बाजू कोणी ऐकली होती काय? हे तीन प्रश्न विचारणारा विद्यार्थी व्याकरणाच्या यादीतून इतिहास शिकेल. आणि शेजाऱ्याविषयी गावात उठलेली एखादी वदंता कानी आली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल, ही प्राप्तीही लहान नव्हे.