लंडनचीं चित्रालयें आणि एक चित्र

लंडनमध्यें चार दिवस राहणारा प्रवासी त्यांतला एक दिवस चित्रांसाठीं राखून ठेवतो. आणि सायंकाळीं बिऱ्हाडीं परततो तेव्हां त्याचे पाय दुखत असतात व डोळ्यांपुढें सोनेरी चौकटींवांचून कांहीं उरलेलें नसतें. दोष रसिकतेचा नव्हे, हिशेबाचा आहे. ट्रॅफल्गार चौकांतील नॅशनल गॅलरीच्या संग्रहांत २,००० हून अधिक चित्रें आहेत. एकेकास एक मिनिट दिलें तरी ३३ तास लागतील! सारींच चित्रें एका वेळीं भिंतींवर नसतात, हें त्या प्रवाशाचें सुदैवच म्हणावयाचें.

वास्तविक घाई करण्याचें कारणच नाहीं. १८२४ सालीं पार्लमेंटनें अँगरस्टाइन नांवाच्या धनिकाच्या संग्रहांतील ३८ चित्रें ५७,००० पौंडांस विकत घेतलीं, तीं राजवाड्यासाठीं नव्हे, लोकांसाठीं. १८३८ मध्यें उघडलेल्या इमारतीची जागाही अशी निवडलेली कीं, पश्चिमेकडील श्रीमंतांस गाडींतून व पूर्वेकडील गरिबांस पायीं तेथें पोंचतां यावें. कायमचा संग्रह पाहावयास आजही पैसा पडत नाहीं. तेव्हां अर्ध्या तासांत दोनच चित्रें पाहून निघून जाणें, आणि उद्यां पुन्हां येणें, ही चैन येथें कोणालाही परवडते.

एकच चित्र पाहण्यासाठीं येण्याची संवय लंडनकरांस लागली ती मात्र संकटामुळें. १९३९ च्या ऑगस्टअखेर, युद्ध पुकारलें जाण्यापूर्वींच, गॅलरींतील चित्रें आगगाड्यांनीं वेल्सकडे रवाना झालीं. १९४१ मध्यें तीं तेथील मॅनॉड डोंगरांतील पाटीच्या दगडाच्या खाणींत नेऊन ठेवलीं. इमारतीवर बाँबही पडले. रिकाम्या दालनांत मायरा हेस या पियानोवादक बाईंनीं दुपारच्या मैफली सुरू केल्या. परंतु कान तृप्त झाले तरी डोळे उपाशीच होते. १९४२ च्या आरंभीं एका वाचकानें ‘टाइम्स’ला पत्र लिहून मागणी केली कीं, शहर विद्रूप झालें असतां सुंदर वस्तूंची गरज अधिकच आहे, निदान एखादें चित्र तरी आणावें. संचालक केनेथ क्लार्क यांनीं तें मानलें. दरमहा खाणींतून एक श्रेष्ठ चित्र येऊं लागलें. दिवसा तें भिंतीवर असे, रात्रीं तळघरांत.

त्या मालिकेंत लोकांच्या इच्छेवरून प्रथम आलें तें टिशियनचें ‘नोली मे टांगेरे’, म्हणजे ‘मला स्पर्श करूं नकोस’. पुनरुत्थित ख्रिस्ताला मेरी मॅग्डालीन प्रथम माळी समजते. ओळख पटतांच ती गुडघ्यांवर बसून हात पुढें करते. तो अंगावरचें शुभ्र वस्त्र आवरून घेतो. पण मागें सरत असतांही त्याचा देह तिच्यावर वांकलेला आहे. नकार आणि माया एकाच हालचालींत आलीं आहेत. घरोघरीं कोणी ना कोणी दुरावलेल्या त्या शहरानें हेंच चित्र मागावें, यांत नवल कसलें? असा तपशील धांवत्या नजरेस सांपडत नाहीं. प्रथम दुरून पाहावें, मग जवळ जावें, बांकावर बसावें. शेजारची माहितीची पाटी सर्वांत शेवटीं वाचावी.

चित्रें हलविण्याची ती धडपड अनाठायीं नव्हती. आग काय करते हें लंडननें पूर्वीं पाहिलें होतें, आणि तें दुःख महाराष्ट्राच्याही वांट्याचें आहे. १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेल्या, आणि १८८५ च्या आगींत त्यांतील पुष्कळ जळाल्या. वांचलेल्या प्रतिकृति आज तेथील व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यांत आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरील गिलावा जेथें पुढें झडला, तेथें मूळ चित्र कसें होतें हें सांगावयास आतां त्याच कापडांचा आधार घ्यावा लागतो.