लाज सोडलेली नसते

'याला ठाण्याला पाठवा' हा 1901 साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयावरून रूढ झालेला टोमणा, पन्नाशी-साठीतला एखादा गृहस्थ पंगतीत शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उचलू लागला किंवा डोंबिवलीच्या फलाटावर अनोळखी बाईच्या जाडीवर मोठ्याने शेरा मारू लागला, की आजही ऐकू येतो. 'म्हातारचळ लागला', 'लाज सोडली' ही निदाने तर घरबसल्या होतात. वस्तुतः अशा बदलामागे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे कपाळामागच्या आणि कानशिलांजवळच्या भागांतील मेंदूपेशींचा क्रमाक्रमाने ऱ्हास घडवणारा आजार, असू शकतो. तो बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो आणि त्यात आरंभी स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असल्यामुळे, बँकेचा हिशेब चोख ठेवणारा माणूस आजारी असेल, ही शंकाच घरच्यांना शिवत नाही.

लाज, संकोच, अपराधीपणा या सामाजिक भावना, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहिल्यावर उमटणाऱ्या भावना, निव्वळ संस्कारांतून येतात, हा समज अपुरा आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णांना कॅराओकेवर गायला लावून त्यांच्याच गाण्याचे चित्रण त्यांना दाखवले. निरोगी माणसे ओशाळतात तिथे या रुग्णांचा संकोच फिका पडलेला आढळला, आणि मेंदूच्या उजव्या बाजूचा, मध्यरेषेलगतचा पुढचा एक भाग जितका आक्रसलेला, तितकी ती प्रतिक्रिया क्षीण होती. संस्कार जागच्या जागी असले, तरी ते ज्या यंत्रणेतून व्यक्त व्हायचे तीच ढासळलेली असते.

अल्झायमरबाबतचा गैरसमज नेमका उलटा आणि अधिक क्रूर आहे: 'त्यांना आता काय कळतंय?' आयोवा विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात अशा रुग्णांना दुःखद चित्रफिती दाखवल्यावर त्यांतला तपशील ते लवकरच विसरले, पण खिन्नता मागे रेंगाळत राहिली. भोवतालच्या माणसांचा ताण नकळत स्वतःत उतरण्याची प्रवृत्तीही या आजारात वाढलेली दिसते. त्यामुळे दोन खोल्यांच्या घरात आजींसमोर मुलगा-सून भांडली, तर भांडण विसरलेल्या आजी संध्याकाळभर अस्वस्थ राहू शकतात.

भावना असूनही ती चेहऱ्यावर दिसत नाही, असेही घडते: कंपवातात चेहऱ्याची हालचाल मंदावून तो मुखवट्यासारखा भासतो, परंतु नातवाला पाहून न हसलेल्या आजोबांना आनंद झालाच नाही, असे त्यावरून ठरत नाही.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णाला चारचौघांत खडसावण्याचा उपयोग मात्र फारसा होत नाही, कारण खडसावणे ज्या ओशाळलेपणावर विसंबते तेच उणे झालेले असते. त्यापेक्षा त्याला पंगतीच्या टोकाला, घरच्या माणसाशेजारी बसवणे सोयीचे ठरते. साध्या स्मरणचाचणीत असा रुग्ण उत्तीर्णही होऊ शकतो, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना 'विसरतात का?' या प्रश्नाच्या उत्तराबरोबरच, वागणे कधीपासून आणि कसकसे पालटले, याची प्रसंगवार नोंद नातेवाइकांनी नेलेली बरी.