गीताईमागची आई

विनोबांची आई रुक्मिणीबाई गागोद्याच्या भावे घराण्यात नांदली. देवाला लाख तांदूळ वाहायचे, तेही एकेक दाणा मोजून. वजनावरून हिशेब काढ, असं नवऱ्यानं सुचवलं. विनोबांनी मात्र मोजणाऱ्या आईचीच बाजू घेतली. संस्कृत गीता कळत नाही, तूच मराठीत कर, हे तिचंच सांगणं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बडोद्याला ती वारली. अंत्यविधी मुलांनीच करावेत, भटजींनी नव्हे, या आग्रहापायी विनोबा स्मशानात न जाता घरीच राहिले. हट्ट टोकाचाच! आईनं सांगितलेली ती मराठी गीता, म्हणजे 'गीताई', वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात लिहून झाली. वर्ध्याजवळ गोपुरीच्या गीताई मंदिराला छत नाही. तिथे 'गीताई'चे अठराही अध्याय शिळांवर कोरले आहेत.